जुना फोन, कस्टम रॉम आणि बॅटरी: सॉफ्टवेअर बदलल्याने नेमकं काय वाचतं?

तीन-चार वर्षं वापरलेल्या फोनचं चार्जिंग दुपारीच संपायला लागलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे 'बॅटरी बसली, बदलून टाक'. दुसरा, 'कस्टम रॉम टाक, फोन नव्यासारखा होईल'; म्हणजे कंपनीचं सॉफ्टवेअर काढून स्वयंसेवकांनी बनवलेली अँड्रॉइडची आवृत्ती टाक. दोन्ही सल्ले छातीठोकपणे दिले जातात आणि देणाऱ्यांच्या गाठी खरे अनुभवही असतात. ऐकणारा मात्र बुचकळ्यात पडतो. बॅटरी तर रासायनिक वस्तू आहे. सॉफ्टवेअर बदलून ती सुधारेल कशी?

ती सुधारत नाहीच. पण बॅटरी सुधारणं वेगळं आणि आहे ती बॅटरी जास्त वेळ पुरणं वेगळं. कस्टम रॉमच्या बाबतीत जे काही खरं आहे ते या दुसऱ्या गोष्टीत आहे, आणि ते थोडंथोडकं नाही.

हा प्रश्न आज इतक्या लोकांना पडतो याला कारण आहे. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. त्याआधीच्या बहुतेक अँड्रॉइड फोनना दोन-तीन वर्षांतच अपडेट बंद झाली. प्रोसेसर ठणठणीत, स्क्रीन चांगली, पण सॉफ्टवेअर जुनं आणि बॅटरी थकलेली, असे फोन घरोघरी पडून आहेत.

बॅटरी म्हातारी होते म्हणजे काय होतं?

लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे जातात आणि फोन वापरताना परत येतात. या ये-जा करण्यात दरवेळी थोडं लिथियम ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरच्या थरात कायमचं अडकून बसतं. ते पुन्हा कामाला येत नाही. फोनच्या बॅटरीसाठी अनेक वर्षं ढोबळ हिशेब असा धरला जायचा, की ५०० चार्ज-चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरावी. युरोपीय संघाने जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत हीच अट ८०० चक्रांची आहे. एक चक्र म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५० आणि उद्या ५० टक्के वापरलंत तर दोन दिवसांत मिळून एकच चक्र होतं.

क्षमता घटते तसा बॅटरीचा अंतर्गत रोधही वाढतो. पाण्याच्या टाकीचं उदाहरण घेतलं की हे चटकन कळतं. टाकीत गाळ साचला की पाणी कमी मावतं, ही झाली घटलेली क्षमता. तोच गाळ बाहेर पडणाऱ्या पाइपच्या तोंडाशी अडकला की टाकीत पाणी असूनही नळ पूर्ण सोडल्यावर धार बारीकच येते, हा झाला वाढलेला रोध. आणि घरातले दोन-चार नळ रात्रभर ठिबकत असतील तर टाकी कोणी पाणी न वापरताच रिकामी होते.

कस्टम रॉम गाळ काढू शकत नाही. तो फक्त ठिबकणारे नळ बंद करतो.

मग एवढ्याने फरक पडतो का?

आकडे मांडून बघू. समजा फोनची बॅटरी मुळात ३००० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) होती आणि आता तिच्यात २४०० एमएएचच मावतात. म्हणजे वयाने ६०० गेले. दिवसातले १८ तास फोनची स्क्रीन बंद असते. या काळात फोन सरासरी ४५ मिलीअँपिअर खात असेल, तर काहीही न करता ८१० एमएएच संपतात. हाच खर्च १५ मिलीअँपिअरवर आणला तर २७० संपतील. वाचले ५४०. वयाने गेलेल्या ६०० पैकी जवळजवळ सगळे वापराच्या दृष्टीने परत मिळाले, बॅटरीला हातही न लावता.

'फोन नव्यासारखा झाला' म्हणणारे लोक खोटं बोलत नसतात, ते असं. पण हेच गणित दुसऱ्या बाजूनेही बघायला हवं. तुमच्या फोनचा स्क्रीन बंद असतानाचा खर्च आधीच १५ मिलीअँपिअर असेल आणि तुम्ही रोज सहा-सात तास व्हिडिओ बघत असाल, तर रॉम बदलून हाती फारसं लागणार नाही.

आधी रोग ओळखा

त्यामुळे काहीही डाउनलोड करण्याआधी एक रात्र खर्च करा. झोपताना फोन चार्जरवरून काढा, टक्केवारी लिहून ठेवा, वायफाय किंवा डेटा नेहमीसारखा चालू राहू द्या. आठ तासांनी पुन्हा बघा. चार-पाच टक्के उतरले असतील तर फोन नीट झोपतोय. बारा-पंधरा किंवा त्याहून जास्त उतरले असतील तर कुठेतरी गळती आहे.

दुसऱ्या रात्री हीच चाचणी विमान मोड लावून करा. आता उतार एकदम कमी झाला तर गळती नेटवर्कशी संबंधित आहे: एखादं अ‍ॅप सारखं सर्व्हरशी बोलतंय किंवा तुमच्याकडे सिग्नल कमजोर आहे. सिग्नल कमजोर असला की फोनला टॉवरपर्यंत पोचण्यासाठी जास्त ताकद लावावी लागते आणि सारखं नवं नेटवर्क शोधावं लागतं. त्यावर कुठल्याच रॉमकडे इलाज नाही.

आता तिसरी शक्यता. २०-३० टक्के दिसत असताना फोन अचानक बंद पडतो, विशेषतः कॅमेरा उघडल्यावर. चार्जरला लावताच पुन्हा २० टक्के दाखवतो. हा वाढलेल्या रोधाचा परिणाम आहे. कॅमेऱ्याला एकदम जास्त प्रवाह लागतो, बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) क्षणभर कोसळतो आणि फोन बंद होतो. अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग मुद्दाम कमी केल्याचं मान्य केलं, त्यामागे हीच अडचण होती. अशा फोनची बॅटरीच बदलायला हवी. आणि पाठीमागचं झाकण उचललं गेलं असेल किंवा स्क्रीन कडेने वर आली असेल, तर बॅटरी फुगली आहे. तो फोन चार्जिंगला लावू नका, दाबू नका, वापर तिथेच थांबवा.

फोन झोपतो कसा आणि त्याला उठवतं कोण?

सगळी मेख इथे आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

रात्रीचे दोन वाजलेत आणि फोन टेबलावर आहे. स्क्रीन बंद झाल्यावर काही वेळाने प्रोसेसरचे बहुतेक भाग बंद होतात. या अवस्थेला डीप स्लीप म्हणतात. जागा राहतो तो मुख्यतः मोडेम, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग, आणि तोही डुलक्या घेत. चौथ्या पिढीच्या नेटवर्कवर तो ०.३२ ते २.५६ सेकंदांच्या ठरलेल्या अंतराने क्षणभर कान देतो, 'माझ्यासाठी कॉल आहे का?' एवढं ऐकतो आणि पुन्हा झोपतो. सगळं असंच चाललं तर बॅटरी तासाला अर्धा टक्काही उतरत नाही.

तेवढ्यात एखाद्या हवामानाच्या अ‍ॅपला ताजं तापमान आणायची हुक्की येते. ते प्रोसेसरला उठवतं आणि 'माझं काम होईपर्यंत झोपू नकोस' अशी सूचना देऊन ठेवतं. या सूचनेला वेकलॉक म्हणतात. मोडेम पूर्ण ताकदीने नेटवर्कला जोडला जातो. काही किलोबाइटचा मजकूर एका सेकंदाच्या आत येतो. पण मोडेम लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या अपेक्षेने तो साधारण दहा सेकंद जागाच राहतो. ही मुदत नेटवर्क ठरवतं.

म्हणजे एका सेकंदाच्या कामाला दहा सेकंदांचं जागरण. असं दर पंधरा मिनिटांनी झालं तर दिवसात ९६ वेळा, म्हणजे एकूण १६ मिनिटं. हे झालं एका अ‍ॅपचं. अशी वीस अ‍ॅप्स आपापल्या वेळेला, एकमेकांशी मेळ न घालता उठत असतील तर मोडेम दिवसातले पाच तासांहून जास्त जागा राहतो. त्यातल्या एखाद्याने वेकलॉक सोडलाच नाही, तर प्रोसेसर रात्रभर टक्क जागा. फोन खिशात असताना उगाच कोमट लागतो तो यामुळे.

अँड्रॉइड बनवणाऱ्यांना हे कळत होतं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये डोझ नावाची सोय आली: फोन स्थिर पडलेला असेल तर सगळ्या अ‍ॅप्सची कामं रोखून धरायची आणि मधून मधून ठरावीक वेळी एकदम करू द्यायची. पुढच्या वर्षी अँड्रॉइड ७ मध्ये खिशात हलत असलेल्या फोनलाही ती थोड्या प्रमाणात लागू झाली. अँड्रॉइड ८ ने पडद्यामागे चालणाऱ्या सेवांवर बंधनं आणली. अँड्रॉइड ९ ने क्वचित वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅप्सना मागच्या रांगेत बसवलं. अँड्रॉइड १० पासून अ‍ॅपला ठिकाणाची माहिती 'फक्त वापरात असताना' देण्याचा पर्याय आला. ज्या फोनचं अपडेट मधेच थांबलं, त्याला पुढची शिस्त लागलीच नाही.

कस्टम रॉम म्हणजे नेमकं काय?

अँड्रॉइडचा गाभा मुक्त आहे; त्याचा कोड कोणीही घेऊन वापरू शकतं. फोन कंपनी तो घेते, त्यावर आपलं रूप चढवते, आपली आणि भागीदारांची अ‍ॅप्स घालते आणि फोनमध्ये बसवते. तोच गाभा घेऊन एखाद्या विशिष्ट फोनसाठी स्वयंसेवकांनी तयार केलेली आवृत्ती म्हणजे कस्टम रॉम. स्टीव्ह कोंडिक यांनी २००९ मध्ये सुरू केलेला सायनोजेनमॉड हा त्यातला सर्वांत गाजलेला. डिसेंबर २०१६ मध्ये तो बंद पडला आणि त्याच्याच कोडमधून लिनिएजओएस उभा राहिला. आजही जुन्या फोनसाठी पहिल्यांदा बघावं असं नाव हेच आहे, आणि ते मोफत आहे.

बॅटरी वाचते ती कुठे? माझ्या मते सर्वांत जास्त, रॉममध्ये जे नसतं त्यामुळे. कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप-दुकान, थीमचं दुकान, जाहिराती आणणारी सेवा, वापराची आकडेवारी पाठवणारी सेवा, आधीच भरलेलं सोशल मीडिया अ‍ॅप, यातलं काही तिथे नसतं. उठवणारे जितके कमी तितकी झोप शांत. त्यानंतर नंबर लागतो वर सांगितलेल्या नव्या अँड्रॉइडच्या शिस्तीचा. चकचकीत जाहिरातींत ज्यांची नावं मोठ्या अक्षरांत असतात त्या 'सुपर बॅटरी' सेटिंग्जचा वाटा सर्वांत कमी.

यात एक गोष्ट मात्र उलटी आहे. कस्टम रॉममध्ये गूगलच्या सेवा बहुधा वेगळ्या टाकाव्या लागतात. 'त्या टाकल्याच नाहीत तर बॅटरी आणखी वाचेल' असं सहज वाटतं आणि रात्रीच्या उताराचा आकडा खरंच खाली येतो. पण सूचना पोचवण्यासाठी बहुतेक अ‍ॅप्स गूगलची एकच सामाईक वाहिनी वापरतात. ती नसली की काही अ‍ॅप्सना सूचना मिळत नाहीत आणि काही स्वतःची जोडणी सतत उघडी ठेवतात. अशी चार मेसेजिंग अ‍ॅप्स असली तर खर्च कमी होण्याऐवजी वाढतो. मधला मार्ग म्हणजे गूगल सेवांचा लहानात लहान संच टाकणं, किंवा मायक्रोजी नावाचा मुक्त पर्याय वापरणं. तो सूचनांची तीच वाहिनी वापरतो, पण बाकीचा पसारा आणत नाही.

कर्नल आणि अंडरव्होल्टिंगची एवढी चर्चा का?

कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि अ‍ॅप्स यांच्यामधला सॉफ्टवेअरचा थर; प्रोसेसर किती वेगाने पळवायचा हे तिथे ठरतं. प्रोसेसरचा खर्च वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज ५ टक्क्यांनी उतरवलं तर हा खर्च जवळजवळ १० टक्क्यांनी घटतो. अंडरव्होल्टिंगचं, म्हणजे व्होल्टेज मुद्दाम उतरवण्याचं, आकर्षण या वर्गात आहे. जुन्या चिप्सवर ते चालायचंही. नव्या चिप्समध्ये बरंचसं नियंत्रण चिपच्या स्वतःच्या फर्मवेअरकडे (चिपमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरकडे) गेलंय, आणि व्होल्टेज जास्त उतरवलं तर फोन मधेच बंद पडतो किंवा डेटा खराब होतो.

प्रोसेसरचा वेग कायमचा निम्म्यावर आणण्याचा उपायही सुचवला जातो. तो मला पटत नाही. काम निम्म्या वेगाने केलं तर ते दुप्पट वेळ चालतं आणि तेवढा वेळ स्क्रीन, मोडेम, मेमरी सगळं जागं राहतं. बऱ्याचदा काम पटकन उरकून पटकन झोपणं स्वस्त पडतं. सामान्य वापरकर्त्याने रॉमसोबत आलेला कर्नल आहे तसा ठेवावा.

'बॅटरी सेव्हर अ‍ॅप आणि कॅलिब्रेशन आहेच की'

अ‍ॅप्स सारखी 'साफ' करणारी अ‍ॅप्स टाकू नका. बंद केलेलं अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून सुरू होताना जास्त ऊर्जा खातं, आणि साफ करणारं अ‍ॅप स्वतः सतत जागं असतं. फोन रूट करून, म्हणजे सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवून, बॅटरीची आकडेवारीची फाइल पुसली की बॅटरी 'कॅलिब्रेट' होते, म्हणजे तिचं मोजमाप ताळ्यावर येतं, हा समजही चुकीचा आहे. त्या फाइलचा टक्केवारीशी किंवा बॅटरीच्या आयुष्याशी संबंध नाही, हे अँड्रॉइडच्या अभियंत्या डायन हॅकबॉर्न यांनी २०१२ मध्येच स्पष्ट केलं होतं.

डार्क मोडचं उत्तर स्क्रीनवर अवलंबून आहे. एलसीडी स्क्रीनच्या मागचा दिवा काळ्या रंगातही जळत असतो, त्यामुळे तिथे काही वाचत नाही. ओलेड स्क्रीनवर प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, म्हणून तिथे वाचतं, पण ब्राइटनेसनुसार. पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला सरासरी ३ ते ९ टक्के, तर पूर्ण ब्राइटनेसला ३९ ते ४७ टक्के बचत दिसली. घरात बसून वापरणाऱ्याला त्यामुळे फारसा फरक जाणवत नाही.

'फोन बिघडला तर? बँकेचं अ‍ॅप चालेल का?'

या शंका रास्त आहेत आणि रॉमचा उत्साहाने प्रचार करणारे त्या झटकून टाकतात, हे मला खटकतं.

रॉम टाकण्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना पहिल्यांदा चालणारा प्रोग्रॅम, अनलॉक करावा लागतो. त्या क्षणी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. बॅकअप नसेल तर फोटो गेलेच. काही फोनवर हे कुलूप उघडतच नाही. ह्युआवेने २०१८ मध्ये अनलॉक कोड देणंच बंद केलं, आणि आयफोनवर कस्टम रॉमचा प्रश्नच येत नाही. नॉक्स ही सुरक्षा-व्यवस्था असलेल्या सॅमसंगच्या फोनवर मूळ नसलेलं सॉफ्टवेअर टाकलं की एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो. पुढे मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी त्याच्यावर अवलंबून असलेल्या काही सोयी परत येत नाहीत.

बँकेची आणि पैशांच्या व्यवहारांची अ‍ॅप्स फोनची अखंडता तपासतात आणि बूटलोडर उघडा दिसला की चालायला नकार देऊ शकतात. काही चालतात, काही नाही, आणि आज चालणारं उद्या बंद पडू शकतं. पैशांचा सगळा व्यवहार ज्या एकाच फोनवर आहे, त्यावर रॉम टाकू नका. कॉपी होऊ नये म्हणून संरक्षित केलेला व्हिडिओ काही फोनवर उच्च दर्जात दिसत नाही. कंपनीचं कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर नसल्याने फोटो थोडे उतरतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चौथ्या पिढीच्या नेटवर्कवरून होणारे कॉल त्या रॉमवर चालतात का हे आधी तपासा. जिथे जुनी नेटवर्क बंद झाली आहेत तिथे ही सोय नसेल तर कॉलच लागणार नाही.

फोन बिघडण्याचं म्हणाल, तर ते बहुतेक वेळा चुकीची फाइल टाकल्याने होतं. रेडमी नोट ७ चं सांकेतिक नाव लॅव्हेंडर आणि रेडमी नोट ७ प्रो चं व्हायोलेट. नावात एका शब्दाचा फरक, पण चिप वेगळी आणि रॉमही वेगळा. फाइल निवडताना खोक्यावरच्या नावावर विसंबू नका, सांकेतिक नाव जुळवा. सूचना सगळ्या आधी वाचून काढा आणि मूळ सॉफ्टवेअरची फाइल हाताशी ठेवा.

सुरक्षेचा मुद्दा दोन्ही बाजूंनी खरा आहे. रॉममुळे बंद झालेली सुरक्षा अपडेट पुन्हा सुरू होतात, पण ती अँड्रॉइडच्या भागासाठी. मोडेमसारख्या बंदिस्त भागांचं फर्मवेअर जुनंच राहतं. शिवाय उघड्या बूटलोडरचा फोन चुकीच्या हाती पडला तर त्यात छेडछाड करणं सोपं असतं.

रॉम न टाकता निम्मी मजल

म्हणून मी आधी हे करायला सांगेन. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन जास्त खाणाऱ्या अ‍ॅपचा पडद्यामागचा वापर 'मर्यादित' करा. ठिकाणाची परवानगी 'फक्त वापरात असताना' ठेवा. मग संगणकावर एडीबी हे फोनला आज्ञा देणारं मोफत साधन घ्या आणि फोनच्या डेव्हलपर पर्यायांतून यूएसबी डीबगिंग चालू करा. त्यातून कंपनीची नको असलेली अ‍ॅप्स आपल्या खात्यापुरती काढता येतात. बूटलोडर उघडावा लागत नाही, बँकेची अ‍ॅप्स सहसा कुरबूर करत नाहीत, आणि चूक झाली तर फॅक्टरी रीसेटने सगळं परत येतं. फक्त एका वेळी एक-दोनच अ‍ॅप्स काढा आणि त्यांचं नाव नीट शोधून, समजून काढा. अनोळखी दिसणारी प्रत्येक गोष्ट निरुपयोगी नसते.

रॉम टाकायचंच ठरलं, तर त्यातली एक सोय जरूर वापरा. लिनिएजओएसमध्ये अनेक फोनवर चार्जिंग ८० टक्क्यांना थांबवता येतं. पूर्ण चार्ज अवस्थेतलं जास्त व्होल्टेज आणि उष्णता या दोन गोष्टींनी बॅटरी लवकर झिजते. गेलेली क्षमता यानेही परत येत नाही, पण पुढची झीज मंदावते. नवी बॅटरी बसवून घेतली असेल तर ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

नवा रॉम टाकल्यावर पहिले दोन-तीन दिवस निकाल लावू नका. या काळात फोन अ‍ॅप्स नव्या सॉफ्टवेअरवर चालण्यासाठी पुन्हा तयार करतो, फोटो आणि संपर्क खाली उतरवतो, शोधसूची बांधतो, त्यामुळे बॅटरी आधीपेक्षाही वेगाने उतरते. चौथ्या रात्री तीच आठ तासांची चाचणी करा आणि आकडा आधीच्या आकड्याशेजारी लिहा. तो निम्म्यावर आला असेल तर रॉमने काम केलं. तसाच असेल तर अ‍ॅप्स एकेक करून परत टाका आणि दरवेळी एक रात्र तपासा. जे टाकल्यावर आकडा उडी मारेल, ते अ‍ॅप म्हणजे गळती. आणि रात्रीचा उतार कमी होऊनही दिवस निघत नसेल, तर आता नवी बॅटरी घ्या.